गावी जाणं हाही प्रवासच

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात रुयाडला महासमाधीभूमी महास्तूप आहे. तिथल्या सोहळ्यांना जपानहून भिक्खू आणि उपासक येतात. पवनी आणि बौद्ध परंपरा यांचं नातं दोन हजार वर्षांहून जुनं. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी केलेल्या उत्खननात इथल्या टेकड्यांमधून स्तूपांचे अवशेष बाहेर आले.

आता टोकियोहून रुयाडला निघालेला साठीचा एक उपासक डोळ्यांसमोर आणा. दुसरीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनहून शाळेच्या सुट्टीत मोहाडीजवळच्या गावी, आजी-आजोबांकडे निघालेली आठ वर्षांची नात आणा. भंडारा जिल्ह्यात आजारी पडण्याची शक्यता दोघांपैकी कुणाची जास्त? बहुतेक जण उपासकाकडे बोट दाखवतील. वय झालेलं, मुलूख परका, जेवण परकं. प्रवासवैद्यकाचा अनुभव मात्र उलट आहे. परदेशात स्थायिक होऊन नातेवाइकांना भेटायला मायदेशी जाणारी माणसं आणि त्यांची तिकडे जन्मलेली मुलं, हा या शास्त्राला सर्वांत जास्त काळजीचा वाटणारा गट आहे. अमेरिकेत विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, जे रुग्ण सापडतात त्यांतले बहुसंख्य परदेशातून आलेले असतात, त्यातही दक्षिण आशियातून, आणि त्यातही नातलगांकडे राहून आलेले.

कारण साधं आहे. उपासक स्वतःला प्रवासी समजतो. निघण्यापूर्वी तो डॉक्टरकडे जातो, लशी घेतो, बाटलीबंद पाणी पितो, आठवड्याभरात परततो. गावी येणारं कुटुंब स्वतःला प्रवासी समजतच नाही. ते घरी चाललेलं असतं. तयारीचा सगळा वेळ भेटवस्तू आणि बॅगांचं वजन यांत जातो. मुक्काम चार-सहा आठवड्यांचा. आत्याच्या घरचं पाणी नको म्हणायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक दारात उभा. लग्नकार्य, आजारी आजोबा, कुणाचं तरी दहावं अशा कारणांनी तिकीट अनेकदा दोन दिवस आधी काढलेलं असतं, मग लशींना वेळ कुठला? आणि या सगळ्याच्या मुळाशी एक ठाम समजूत असते: ‘आम्ही तर इथंच वाढलो, आम्हाला काय होतंय?’

या समजुतीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती घातक आहे. शरीराची स्मरणशक्ती प्रत्येक रोगासाठी सारखी नसते. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ घ्या. पूर्वी आपल्याकडे बहुतेकांना ती लहानपणीच, अनेकदा लक्षातही न येता, होऊन जात असे, आणि एकदा झाली की संरक्षण जन्मभराचं. तुमसरला वाढलेल्या पन्नाशीच्या बापाला त्यामुळे या काविळीची भीती फारशी नसते. त्याच्या एडिसनमधल्या मुलाला मात्र लस दिलेली नसेल तर काहीच कवच नसतं. मुलगा विशीतला असेल तर ही कावीळ लहान मुलापेक्षा त्याला जास्त लोळवते.

विषमज्वराचं तसं नाही. तो एकदा येऊन गेला तरी पुन्हा येऊ शकतो आणि त्याच्या लशीचा प्रभावही काही वर्षांत ओसरतो. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती अर्धवटच असते आणि सतत संसर्ग होत राहिला तरच टिकते. दहा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला लहानपणी गावात आलेल्या तापाचा आज काही आधार नाही. डेंगी तर सर्वांत उफराटा. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंगी होऊन गेलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर दुखणं गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ‘मला आधी होऊन गेलाय’ हे वाक्य इथं निश्चिंत होण्याचं कारण नाही, सावध होण्याचं आहे.

त्यातून सुट्ट्यांचं गणित आडवं येतं. अमेरिकेतल्या शाळांना मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट. भंडारा जिल्ह्यात हेच दिवस मृगाच्या पावसाचे, रोवणीचे. बांध्यांमध्ये पाणी तुंबलेलं, मामा (माजी मालगुजारी) तलाव भरत आलेले, गवत गुडघ्यापर्यंत, आणि अंगणात उन्हाळ्यातले कूलर अजून तसेच, तळाशी पाणी साचलेलं. मुलांना गाव दाखवायला याहून सुंदर दिवस नाहीत. रोगांच्या बाबतीत याहून वाईटही नाहीत. तारखा हातात असतील तर डिसेंबर-जानेवारीत या, हा माझा पहिला सल्ला, आणि कुठल्याही गोळीपेक्षा मी त्याला वरचं स्थान देतो.

पावसाळ्यातच यायचं असेल तर धानाच्या बांध्यांपासून सुरुवात करू. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पाणपक्षी आणि डुकरांमध्ये वाढतो. धानाच्या साचलेल्या पाण्यात पैदास होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. तळी, बगळे, भातशेती आणि गावाच्या कडेची डुकरं, ही सगळी सामग्री पूर्व विदर्भात आहे. लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांना मेंदूज्वर होतो. पण ज्यांना होतो त्यांतले बरेच दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. औषध नाही, लस आहे. या रोगाच्या मोठ्या साथींनी एकेकाळी जपानला हादरवलं होतं. तिथं आता बालपणीच्या लसीकरणात ही लस दिली जाते. आपल्याकडेही रोगग्रस्त जिल्ह्यांतल्या बाळांना नवव्या महिन्यापासून ती मिळते. म्हणजे गावातल्या चुलतभावाला लस टोचलेली, जपानी पाहुण्याला बहुधा टोचलेली, आणि एडिसनच्या नातीला मात्र नाही, कारण अमेरिकेच्या नेहमीच्या वेळापत्रकात ती नाही. मागून घ्यावी लागते. लहान मुलांसाठी दोन मात्रांमध्ये अठ्ठावीस दिवसांचं अंतर लागतं आणि दुसरी मात्रा निघण्याच्या किमान आठवडाभर आधी संपवायची असते. प्रवासाच्या दीड महिना आधी डॉक्टरला गाठा, असं सांगतात ते यासाठी.

दुसरा मेंदूज्वर या भागाचंच नाव घेऊन जगभर गेला आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. तो चांदीपुरा. कित्येक वर्षं त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्यानं मुलांचे बळी घेतले, आणि २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा त्याची साथ आली. वालुमाशी तो पसरवते. ही माशी डासाहून कितीतरी लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना सकाळी ताप, दुपारी झटके आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, इतकी त्याची गती भयानक असू शकते. याला लसही नाही. पावसाळ्यात गावातल्या मुलाला जोराचा ताप आणि उलट्या किंवा झटके दिसले, तर ‘रात्र काढू, सकाळी बघू’ असं म्हणू नका. गाडी काढून जिल्हा रुग्णालय किंवा नागपूर गाठा. जुन्या मातीच्या घरात झोपायचं असेल तर मुलांची खाट भिंतीपासून दूर घ्या आणि मच्छरदाणी बारीक विणीची, कीटकनाशक लावलेली वापरा. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून वालुमाशी आत शिरते.

गवतात तिसरा शत्रू असतो, स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे बरेच रुग्ण सापडले, तेव्हा विदर्भात हे नाव लोकांच्या तोंडी आलं. झुडपा-गवतातल्या सूक्ष्म किडीची अळी चावते, आणि साधारण दहा-बारा दिवसांनी ताप चढतो. चावलेल्या जागी काहींना काळी खपली धरते. सिगारेटचा चटका बसावा तशी दिसणारी, पण न दुखणारी. ती काखेत, जांघेत, कमरेखाली दडलेली असते, म्हणून कपडे उतरवून बघितल्याशिवाय सापडत नाही. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत मिळालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. आता दिवस मोजा. गावचा मुक्काम संपवून कुटुंब परत गेलं, शाळा सुरू झाली, आणि मग ताप आला. न्यू जर्सीतल्या डॉक्टरनं स्क्रब टायफसचा रुग्ण आयुष्यात बघितलेला नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला खपली दाखवणं आणि ‘आम्ही शेतात, गवतात हिंडत होतो’ हे सांगणं, दोन्ही कामं रुग्णाच्या घरच्यांनाच करावी लागतील.

हिवतापाच्या गोळ्यांबद्दल परदेशी सल्ल्यांत एकमत नाही. अमेरिकी सल्ला जवळजवळ सगळ्या भारतासाठी प्रतिबंधक गोळ्या सुचवतो. ब्रिटिश सल्ला बहुतेक भारतासाठी डासांपासून बचाव पुरेसा मानतो आणि गोळ्या काही भागांपुरत्या ठेवतो. माझं मत असं: भंडारा शहरात नातेवाइकांकडे आठवडाभर राहणाऱ्याला गोळ्यांची निकड कमी. पण साकोलीकडून नागझिऱ्याच्या जंगलात किंवा पुढे गडचिरोलीकडे जाणार असाल, बरोबर लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर डॉक्टरशी बसून बोललंच पाहिजे. गोळ्या घ्यायच्या ठरल्या तर परतल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात. बरेच लोक विमानतळावर उतरताच त्या बंद करतात आणि अनेकदा हिवताप तिथेच गाठतो.

हत्तीपायाबद्दल मात्र पाहुण्यांनी घाबरू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा हत्तीरोगाचा आहे हे खरं, आणि गावोगाव घरी येऊन समोर गोळ्या खायला लावणारी मोहीम त्यासाठीच असते. पण या रोगाला महिनोन्‌महिने, पुन्हा पुन्हा डास चावावे लागतात. चार आठवड्यांचा पाहुणा त्यात सहसा सापडत नाही. उलट लक्षात ठेवायला हवं ते वयाच्या पंचविशीपर्यंत इथं राहून गेलेल्यानं. परदेशात असताना पायाला किंवा अंडकोषाला सूज येऊ लागली, तर आपलं गाव कुठलं हे तिथल्या डॉक्टरला आपणहून सांगावं. या जंतूची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात. आपल्याकडे आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन रक्त घेतात, ते त्यामुळेच. दुपारी घेतलेल्या रक्तात हा रोग सापडेलच असं नाही.

पाण्याकडे वळू. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येतं. वैनगंगाकाठची माणसं याबद्दल कित्येक वर्षं तक्रार करत आहेत, आणि ती तक्रार रास्त आहे. पाहुण्यानं त्यातून एवढंच घ्यावं की नळाचं पाणी उकळून प्यावं, आणि ते सांगायला संकोचू नये. घरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून मी एक वाट सुचवतो: पहिल्या दिवशीच सगळ्यांसाठी पाणी उकळायचं काम पाहुण्यानं स्वतःकडे घ्यावं. गरम भात, वाफाळलेलं वरण, कढईतून उतरलेले वडे, ताजी तर्री बिनधास्त खा. चिरून ठेवलेली काकडी, बर्फ घातलेला उसाचा रस आणि लग्नातलं दुपारपासून ठेवलेलं दही यांपासून दूर राहा. जुलाब लागलेच तर आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटं मिळतात. ती नसतील तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. माप मोडू नका, जास्त मीठ मुलांना घातक ठरतं. शौचात रक्त किंवा सोबत ताप असेल तर डॉक्टर.

विषमज्वराच्या लशीत एक विचित्र अडचण आहे. अमेरिकेत मिळणारी इंजेक्शनची लस दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत. हैदराबादेत तयार होणारी संयुग्मित लस भारतात सहाव्या महिन्यापासून देता येते. दोन वर्षांखालचं बाळ घेऊन दोन-तीन महिने राहायला येणाऱ्या आईनं इथल्या बालरोगतज्ज्ञाला पहिल्या आठवड्यातच याबद्दल विचारावं. गोवराची लस मात्र निघण्याआधीच हवी. एरवी अमेरिकेत ती वर्षाच्या वयात देतात, परदेश प्रवास असेल तर सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा देता येते.

आणि कुत्रं. अमेरिकेत वाढलेलं मूल अंगणातल्या पिल्लाला कवटाळायला धावतं, कारण तिथं कुत्रं म्हणजे घरातलं माणूस. रेबीज झाल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही आणि वेळेत उपचार झाले तर सहसा कुणी मरत नाही. ओरखडा असो वा चावा, लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मिरची-चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचून घ्या. ते तालुक्याला नेहमी असतंच असं नाही, त्यासाठी जिल्ह्याला किंवा नागपूरला धावावं लागू शकतं. लांबच्या गावी महिनाभर राहणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वीच लशीच्या दोन मात्रा दिल्या, पहिली आणि तिच्यानंतर सात दिवसांनी दुसरी, तर पुढे चावा झाल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. फक्त लशीच्या पुढच्या मात्रा घ्याव्या लागतात.

आतापर्यंत येणाऱ्यांचं बोललो. भंडाऱ्याहून बाहेर जाणारेही कमी नाहीत. हाजींचं काम त्यातल्या त्यात व्यवस्थित चालतं. २००० साली हजला मेनिंजायटिसची साथ आली आणि यात्रेकरूंबरोबर ती युरोपातही पोहोचली. त्यानंतर या रोगाच्या चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली. ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, आणि सरकारी शिबिरात ती मिळते. खासगी टूरवाल्यांबरोबर उमऱ्याला जाणाऱ्यांनी मात्र ती स्वतः विचारून घ्यावी. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत नोकरीला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागते. ती केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते. टोचल्यापासून दहाव्या दिवशी लशीचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, ग्राह्य होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालतं. रोगग्रस्त देशातून कार्डाशिवाय परतलेल्याला आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. हा नियम जाचक वाटतो, पण पीतज्वर पसरवणारा एडिस डास तोच आहे जो आपल्या कूलरमध्ये वाढून डेंगी पसरवतो. भारतात डास आहे, रोग अजून आलेला नाही.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी औषधांची पिशवी नीट बघावी. पाठदुखीच्या गोळ्यांतलं ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन यांच्यावर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत, परवानगीशिवाय ते जवळ सापडलं तर खटला होऊ शकतो. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या. आईनं दिलेल्या मसाल्यात खसखस असेल तर तीही घरीच राहू द्या. तिच्यावरही तिथं बंदी आहे.

या जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रवाशाला आणखी एक गोष्ट विचारायला हवी, आणि ती परदेशी सल्ला-पुस्तिकांत क्वचितच ठळक असते: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? नागपुरातल्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या या रक्तदोषाची नोंद केली होती, आणि पूर्व विदर्भातल्या अनेक समाजांत तो आजही मोठ्या प्रमाणावर आहे. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवरच्या इतका कमी असू शकतो. नुसत्या वाहकाला त्याचा सहसा त्रास होत नाही. आजार असलेल्याला मात्र कमी प्राणवायू, कोरडी हवा आणि तासन्‌तास एकाच जागी बसणं यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यानं भरपूर पाणी प्यावं, तासाला उठून चालावं, गरम कपडे जवळ ठेवावेत, आणि विमानात प्राणवायू लागेल का हे तिकीट काढतानाच डॉक्टर व विमान कंपनीला विचारावं. प्लीहा अनेकदा निकामी झालेली असते, म्हणून न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लशी त्याला आवश्यक आहेत. वाहकाला हिवतापापासून थोडं संरक्षण असतं हे लोकांनी ऐकलेलं असतं, पण आजार असलेल्याला हिवताप उलट जास्त घातक ठरतो. आफ्रिकेत जाताना त्यानं गोळ्या चुकवू नयेत.

परतल्यानंतरच्या तापाचा हिशेब वर्षभर ठेवायचा. फाल्सिपेरम हिवताप बहुतेकदा पहिल्या एक-दोन महिन्यांत उठतो, पण व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि सहा-आठ महिन्यांनीही जागे होतात. त्यांना तिथून हुसकावायला प्रायमाक्विन लागतं. ते देण्यापूर्वी जी६पीडी या विकराची रक्ततपासणी करावी, कारण त्याची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी या औषधानं फुटतात. ताप आला की, मग तो आफ्रिकेहून भंडाऱ्यात परतलेल्याला असो की भंडाऱ्याहून एडिसनला गेलेल्याला, कागदावर लिहून न्या: कुठल्या देशात, कुठल्या गावात, कुठल्या तारखांना होतो, शेतात, जंगलात, तलावावर गेलो का, कुठल्या लशी आणि गोळ्या घेतल्या. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्यावं, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, कारण डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. हिवतापासाठी घेतलेली पहिली रक्तपट्टी निर्दोष आली आणि ताप चालूच राहिला, तर पुढच्या दोन दिवसांत ती पुन्हा घ्यायला सांगा.